दरिया म्हणजे नदी

दादा,

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली, आणि मी मागच्या आठवड्यात समुद्र बघून आले. हसनाबादच्या शाळेत तुम्ही इतकी वर्षं पोरांना समुद्र शिकवलात, पण स्वतः कधी पाहिला नाहीत. निझामाच्या एवढ्या मुलखाला समुद्राचा काठच नाही, हे नकाशावर छडी फिरवून तुम्हीच दाखवायचात, आणि दाखवताना जरा चिडल्यासारखे दिसायचात. लेकीनं समुद्र बघितला आणि बापानं नाही, ही गोष्टच मला उलटी वाटते. म्हणून लिहायला बसले. बसले खरी, पण मला लिहायचंय ते वेगळंच, आणि त्याला हात घालायला मी अजून कचरतेय.

माझे धाकटे दीर कारवारकडे जंगलखात्यात नोकरीला आहेत. त्यांनी आग्रहानं बोलावलं म्हणून हे, मी आणि आमची मुलगी असे तिघं निघालो. जालन्याहून मनमाड, तिथून मुंबई, पुढं आगबोट. निझामाच्या हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरीवाल्यांनी ट्रंक उघडून माझ्या चकल्यांचा डबासुद्धा हुंगून पाहिला. मुंबईच्या धक्क्यावर माणसांच्या खांद्यांआडून दिसलं तेवढं पाणी काळं, तेलकट होतं, आणि आगबोटीत मी डोळे मिटून, तोंडाला पदर लावून पडून होते. त्यामुळं खरा समुद्र मला दिसला तो दिरांच्या जंगलातून. तिकडचा डोंगर आपल्याकडच्यासारखा उघडा नाही. नखभर जागा मोकळी न ठेवता झाडं, आणि ती थेट पाण्यापर्यंत उतरलेली. सगळं जंगल राखीव. ह्यांनी दात घासायला एक काडी मोडली तर दिरांनी सख्ख्या भावाला झापलं. आम्ही पायवाटेनं उतरत होतो आणि खालून एक आवाज सारखा येत होता. मला वाटलं, लांबून मालगाडी येतेय. किती वेळ झाला तरी गाडी संपेना, आणि मग झाडं संपली.

हे म्हणाले, "एवढं पाणी, अन् एक एकर भिजायचं न्हाई." त्यांच्या पायाशीच डोंगरातून आलेला एक ओढा वाळूवरून वाहत समुद्रात शिरत होता. मुलगी एकदा इकडची ओंजळ तोंडाला लावी, एकदा तिकडची, आणि ओरडून सांगे, हे गोड, हे खारट. मी तिथंच वाळूवर बसले. हिला दोन ओंजळींत कळलं, ते मला तुम्ही आठ दिवस शिकवत होतात.

तो स्वयंपाकघरातला दिवस मला लख्ख आठवतो. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, आणि जेवता जेवता माझी उजळणी घेताय, कारण आठ दिवसांनी तालीमचे मोहतमीम, शाळा तपासणारे बडे साहेब, यायचे आहेत. शाळा सरकारी, म्हणजे भूगोल उर्दूत. गोदावरी काय आहे, तुम्ही विचारता. दरिया, मी म्हणते. दरिया कसा असतो? मी आईच्या गोष्टीतला दर्या सांगायला लागते, खारट पाण्याचा, पलीकडचा काठ नसलेला, ज्याच्या पल्याड राजकन्या राहते. तुमचा घास हातातच थांबतो. "घरचा दर्या घरी ठिव," तुम्ही म्हणता. "मराठीत दर्या म्हंजे समुद्र. शाळेत दरिया म्हंजे नदी. आपली गिरजा बी दरियाच. समुद्राला शाळेत समंदर म्हणायचं. बराबर ध्यानात ठिव." आई म्हणते, "माझ्या गोष्टीला कशाला नावं ठिवता?" तुम्ही हसता. रोज जेवताना तेच विचारता, आणि रोज मी बरोबर सांगते.

तुम्ही एवढे मागं का लागला होता, ते मला तेव्हाही माहीत होतं. गावात मुलींची शाळा नव्हती. तुम्ही मला आणि आणखी दोघींना मुलांच्या वर्गात भिंतीकडं बसवत होतात, पण हजेरीत आमची नावं नव्हती. मोहतमीमांनी एका मुलीची हुशारी पाहावी आणि नावं घालायला परवानगी द्यावी, एवढंच तुम्हाला हवं होतं. म्हणून साहेब आले, शेरवानी, लाल तुर्की टोपी, मागं कारकून, तेव्हा तुम्ही मला पुढं उभं केलंत. "हुजूर, इस बच्ची से पूछिए." साहेबांनी विचारलं, गोदावरी क्या है? मी म्हणाले, दरिया. साहेब म्हणाले, शाबाश, और दरिया कैसा होता है?

आणि माझ्या तोंडून घरचा दर्या बाहेर पडला. खारट पाणी, जहाजं, घराएवढे मासे, सगळं मोडक्या उर्दूत. आधी कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ये किसने सिखाया?" आईनं, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. मी म्हणाले, "मास्टरसाब ने." ते खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. मला वाटलं, मी चुकले तर मला काढतील, मास्तरांना कोण काय करणार. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तुम्हाला खरं सांगता आलं असतं, सगळा वर्ग तुमच्या बाजूनं बोलला असता. तुम्ही म्हणालात, "जी हुजूर, गलती मेरी है." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्या दिवशी आईनं मला विचारलं, "काय झालं गं शाळेत? ह्यांनी भाकरीला हात बी लावला न्हाई." उत्तर तुम्हीच दिलंत. "काही न्हाई. साहेब आल्ते, गेले." मला तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, पुढंही कधी नाही. तुम्ही दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी किती वेळा म्हणाले असेन. दोन महिन्यांत तुमची बदली झाली, पार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वाडीवर, जिथं बायकामुलांना नेण्यासारखं घर नव्हतं. बदली त्यामुळंच झाली का, हे कागदावर नव्हतं. हजेरीत आमची नावं काही लागली नाहीत, आणि नव्या मास्तरांनी आम्हा तिघींना घरी पाठवलं. तुम्ही सणाला यायचात, माझ्यासाठी पुस्तकं आणायचात, माझं मराठी वाचन घ्यायचात. तिसऱ्या वर्षी तिकडंच तापात गेलात. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

आता ते, ज्यासाठी लिहायला बसले. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मला हसवायला येत नव्हतं, आणि नव्या सुनेला ते आलेलं बरं असतं. एकदा मी ही गोष्ट सांगितली, मास्तरनं नदीला समुद्र शिकवला आणि पोरगी साहेबापुढं तोंडघशी पडली. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून पाहुणे आले की हे म्हणतात, अगं, तुझ्या वडिलांची ती गोष्ट सांग. मी सांगते. माझ्या गोष्टीत चूक दरवेळी तुमची असते, आणि सांगून सांगून मला ती चांगली रंगवता येते.

त्या दिवशी वाळूवर दिरांनी तीच काढली. "वहिनी, सांगा ना पोरीला, आजोबांचा दरिया." मी सांगितली, दादा. त्या जागी बसून, पाय पाण्यात असताना सांगितली. दीर हसले, हेही हसले. मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "मंग आजोबाला भूगोल येतच नव्हता का?"

मी म्हणाले, "न्हाई."

ती आत्ता अंगणात शेजारणीच्या मुलींबरोबर सागरगोटे खेळतेय, मला इथून तिचा आवाज ऐकू येतोय. तुम्हाला हे पत्र पोचायचं नाही, त्यामुळं तुमच्यापाशी कबूल करणं सोपं गेलं. तिला हाक मारून खरं सांगायला किती वेळ लागेल. कागद संपत आला, आणि मी अजून हाक मारलेली नाही.