एकट्याचा डोंगा

१ नोव्हें. ८१, रवि.
डाव्या हाताने लिहितो आहे. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धं पान लिहा, हात वळेल. काय लिहायचं ते सांगितलं नाही. म्हणून डोक्यात आहे तेच लिहितो. दि. आज माझ्याशिवाय तलावावर गेला.
दि. म्हणजे दिगंबर. पूर्ण नाव लिहायला हात कुरकुरतो. सात-आठ वर्षं झाली, दर रविवारी आम्ही दोघं कुहीची पहिली एसटी पकडतो, टपावर गळाच्या काठ्या बांधून. आज दारात उभा राहून म्हणाला, "तू आराम कर बे. तुझ्या हिश्श्याची मासोळी घरी आणून देतो." हिश्श्याची! दार लावून घेतलं.
शो. (बायको. शोभा.) म्हणाली, तोंडावर दार लावायची काही गरज नव्हती. होती.

४ नोव्हें.
उजव्याची मधली तीन बोटं ऑगस्टमध्ये गेली, कळमेश्वरच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसखाली. चूक माझीच. सुरक्षेचा गार्ड मीच वर केला होता, घाई होती. कुणाला शिव्या द्यायची सोय नाही, त्याचाच राग जास्त येतो. अंगठा आणि करंगळी शिल्लक. दोघांच्या चिमटीत पोस्टकार्ड धरता येतं, चहाचा कप नाही. कारखान्यात आता स्टोअरला बसवलंय. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. बोटं गेली आहेत, कान जागेवर आहेत, हे एकदा मोठ्याने सांगायला हवं.

८ नोव्हें., रवि.
गेलो. दि.च्या आधी स्टँडवर जाऊन उभा राहिलो.
तलाव खरं तर दोन. बाहेरचा पाळीजवळचा, म्हणजे बांधालगतचा, तिथे धुणं, म्हशी, पोरं. मग दोन टेकड्यांमधून पाण्याचीच एक चिंचोळी वाट, दोन्हीकडे साग आणि बांबू, आणि आत दुसरा तलाव. आतल्या पाण्याला पायवाट नाही. डोंगा असेल तरच जाता येतं. आत बुडालेली खोडं, कमळाची पानं आणि त्यांच्याखाली मरळ मासे. माझं सगळं सुख तिथे आहे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शो.ला माहीत असावं.
दि.ने मला पुढे बसवलं, गळाला गांडूळ लावून दिलं, पाण्यात सोडूनही दिलं, मग म्हणाला, "पकड." सहा वर्षांचा होतो तेव्हाही माझं गांडूळ मीच लावायचो. शिंगाडा मासा लागला, हातभर. ओढला त्याने. शाबासकी मला.
परतल्यावर लहानू मामांना म्हटलं, पुढच्या वेळी लहान डोंगा द्या, एकट्याला. मामा धिवर, पिढीजात मासेमार. तिथले तिन्ही डोंगे त्यांचे, एकेका खोडातून स्वतः कोरलेले. बाकी लोक माझ्या हाताकडे पाहायचं टाळतात. मामांनी सरळ उचलून उलटासुलटा करून पाहिला.
"एकट्याले पाहिजे तं उलटवून, चढून दाखव."
"चौऱ्याहत्तर साली दाखवलं होतं ना मामा."
"तो हात दुसरा होता गा. तो गेला, त्याची परवानगीबी गेली."
नियम सगळ्यांना एकच. मधोमध खोल पाण्यात जायचं, डोंगा उलटवायचा, सरळ करायचा, पाणी उपसायचं, चढायचं. कुणी हात लावायचा नाही. जो चढेल त्यालाच एकट्याने आत जाता येतं. मामा कुणासाठीही हा नियम वाकवत नाहीत, आणि मलाही वाकवून नको आहे.

१४ नोव्हें.
चढायचं नंतर बघू. पण चढून मासा धरणार कसा? आधी ते ठरवलं पाहिजे.
चरखीची काठी. गच्चीवर डाव्या हाताने फेकून पाहिली. पहिला गळ शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गोधडीत. दुसरा रेडिओच्या तारेत. काकू खालून ओरडल्या, "का पकडून राहिले जी वरतं?" शो. जिन्यात हसत होती, मी ऐकलं. फेकणं महिन्याभरात जमेल. पण चरखी फिरवायला दुसरा हात लागतो, आणि काठी काखेत दाबली तर पहिलाच मोठा मासा काठीसकट जाईल.
चरखी बाद.

२२ नोव्हें., रवि.
दि.चा सल्ला : वाळके भोपळे घ्यायचे, प्रत्येकाला एक गळ बांधून सकाळी आत सोडायचे, दुपारी गोळा करायचे. "हाताचं कामच नाही बे."
म्हणूनच नको. मासा तिकडे झगडणार आणि मी पाळीवर बसून संत्री सोलणार? दि. म्हणाला, त्यात काय वाईट. म्हटलं, संत्रं तरी कुठं सोलता येते मले. त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, मग वाईट वाटलं. त्याने संत्रं सोललं, अर्धं माझ्यासमोर ठेवलं. खाल्लं.

२९ नोव्हें., रवि.
हातदोरी. काठी नाही, चरखी नाही, नुसती नायलॉनची तंगूस आणि गळ. पाळीवरून, कणीक आणि पेंडीचा गोळा लावून. डाव्याने फेकतो छान. उजव्याच्या चिमटीत दोरी ठरत नाही म्हणून तळव्याला दोन वेढे दिले.
रोहू लागला. मोठा. वेढे आवळले, जुन्या जखमेवरची कातडी फाटली, सोडवता येईना. गुडघाभर पाण्यात ओढला गेलो. मामांनी कोयत्याने तंगूस तोडली.
मग जे बोलले! आजवर त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "दोरी हाताले गुंडाळाची नाही, हे लेकराले शिकवतो आपण! तुले काहून सांगा लागते?"
नंतर विडी पेटवून म्हणाले, त्यांचा धाकटा भाऊ असाच गेला. आतल्या पाण्यात, एकटा, दोरी मनगटाला. डोंगा रिकामा मिळाला. "तवापासून नियम आहे."
इतकी वर्षं येतो आहे, हे कधी विचारलं नव्हतं. हातदोरी बाद.

१ डिसें.
शो.ने पट्टी बदलली. कुठे लागलं म्हणून विचारलं. स्टोअरमधला पत्रा लागला, असं सांगितलं. तिने "बरं" म्हटलं. ती बालवाडीत शिकवते, खोटं बोलणारे रोज पंचवीस बघते.

१३ डिसें., रवि.
थंडी. मरळ चिखलात बसली, गळाला विचारत नाही. बरंच आहे, चढायचा सराव करू.
पाळीजवळ छातीभर पाण्यात लहान डोंगा उलटवला. चार वेळा. चारही वेळा चढता आलं नाही. दोन हात असताना काठ दाबून पाय झाडला की झालं. आता उजवा तळवा ओल्या लाकडावरून निसटतो आणि डोंगा अंगावर येतो. दात वाजत होते. पाळीवर चारपाच जण जमले. एक म्हणाला, "काहून जीव देऊन राहिला बिचारा."
बिचारा म्हणालास ना, आता तर चढणारच.

१० जाने. ८२, रवि.
परवा स्वयंपाकघरातल्या पितळी चमच्याची दांडी कापली, भोक पाडून गळ बसवला. डोंग्यामागे ओढत न्यायचा, पाण्यात लकाकतो, मासा झेपावतो. दोरी पायाच्या अंगठ्याला. दि. वल्हवत होता. आतल्या पाण्यात शंभर पावलंही गेलो नसू, चमचा बुडालेल्या खोडात अडकला. पाय डोंग्याबाहेर, मी आडवा. दि. हसून हसून बेजार. मग माझ्याही लक्षात आलं : हाताला गुंडाळणं काय आणि पायाला बांधणं काय, एकच. मामांना सांगितलं नाही. दि.लाही शपथ घातली.
चमचा बाद. चमचा गेलाही. शो. दोन दिवस शोधते आहे.

३१ जाने., रवि.
सहा वेळा उलटवला. एकदा अर्धा वर. मोजत नाही, पण लिहून ठेवतो.

१४ फेब्रु., रवि.
आज पाळीवर मामांची म्हातारी बहीण मासे धरत होती. बारा हात लांब बांबू, टोकाला जेमतेम दोन हात दोरी, गळाला बेडकी. कमळाच्या दोन पानांमध्ये बेडकी टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. फेकणं नाही, गुंडाळणं नाही. मरळ लागली की बांबूसकट उचलून पाळीवर. आम्ही चरखीवाले याला आजवर हसत आलो. पोरांचं काम म्हणायचो.
मी विचारलं, मावशी, मोठी लागली तर? बांबू हातून गेला तर?
"जाऊ दे ना बाप्पा. बांबू बुडते का? मासा थकला का बांबू तरंगत भेटते, जाऊन उचलाचा."
मी तिथेच बसलो. इतके महिने मी मासा धरून ठेवायची पद्धत शोधत होतो. ही सोडून द्यायची पद्धत होती. बांबू काखेत दाबायचा, डावा हात पुढे, आणि जड वाटलं की सरळ सोडायचा. मग डोंग्याने मागे जायचं. हाताला काही बांधलेलं नाही.
आपल्याच शहाणपणाची चीड आली. बांबू तोडून आणला.

२८ फेब्रु., रवि.
दि. वल्हवायला, मी बांबू घेऊन. दोन मरळ. एक उचलली, एकीला बांबू सोडला, बांबू कमळात उभा राहून नाचत होता. मी ओरडत होतो की गात होतो, माहीत नाही. दि. म्हणाला, "झालं ना आता तुझं? असंच दोघं येत जाऊ." त्याच्या मनात खोट नाही, तो प्रेमानेच म्हणाला. पण कुणीतरी वल्हवेल तेव्हाच आत, असं मला नको आहे.

७ मार्च, रवि.
चढलो!! पाळीजवळ, छातीभर पाण्यात, पण चढलो. काठावरून नाही, मागच्या टोकाकडून. दोन्ही कोपरं टाकायची, छाती घासत न्यायची, पाय मागे जोरात. तळवा वापरायचाच नाही. चूक इतकीच होती की मी गेलेल्या हाताकडून जुनंच काम मागत होतो.
मामा लांबून पाहत होते. "खोल पाण्यात पाय टेकाले जमीन नसते," एवढंच बोलले.

२१ मार्च, रवि.
गेलो नाही. भांडण.
छाती आणि कोपरं सोललेली शो.ने पाहिली. यावेळी पत्र्याचं नाव घेतलं नाही, सगळं सांगितलं. मामांच्या भावाचंही सांगून बसलो. सांगायला नको होतं.
"मले पोहता येत नाही. तुमी बुडले तं मी पाळीवर उभी राहून का करू? सांगा ना. बोंबलू?"
म्हणालो, दि.सोबत जा म्हणतेस, म्हणजे जन्मभर कुणाच्या तरी मागे बसू?
"मी म्हटलं का तसं? मी का करू ते विचारून राहिली."
आजवर मी तिला या सगळ्यात धरलंच नव्हतं. हात माझा, हट्ट माझा, पाणी माझं. लाज वाटली. तरी मागे हटणार नाही. भीतीपोटी एक रविवार घरी बसलो तर सगळेच रविवार बसावे लागतील. आजचा बसलोच आहे, तो शेवटचा.

२८ मार्च, रवि.
खोल पाण्यात. दि. डोंगा घेऊन जवळ. तीनदा उलटवला, एकदा चढलो. दि. म्हणतो पुरे. मामा म्हणतात, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ये.

९ एप्रिल
शो. म्हणाली, रविवारी मी येते. का म्हणून विचारलं. "पाहाले." येऊ दे.

११ एप्रिल ८२, रवि. तलावावरच, पाळीवर बसून
वही पिशवीत आणली होती म्हणून बरं. हात ओला, अक्षर वेडंवाकडं.
मामा दुसऱ्या डोंग्यात, लांब. दि. आणि शो. पाळीवर. उलटवला. पहिल्यांदा निसटलो, हनुवटी फुटली. दुसऱ्यांदा डोंगाच पुन्हा उलटला. दम संपला होता. मामांनी वल्हं उचललं, मी ओरडलो, "येऊ नका!" तिसऱ्यांदा कोपरं टाकली, छाती घासली, आणि आत पडलो. बराच वेळ तसाच पालथा. मग डब्याने पाणी उपसलं, एका हाताने वल्हवत पाळीला आणला.
मामा म्हणाले, "ने." बस, एवढंच. दि. रडला. मी नाही. खोटं का लिहू, मीही.
बांबू आणि बेडक्यांचा डबा आणायला झाडाखाली गेलो. परत येतो तर शो. डोंग्यात बसलेली. पुढच्या टोकाला, पदर खोचून, चपला हातात.
"उतर. एकट्याला दिला आहे."
"मग मले सामान समजा."
"तुला पोहता येत नाही."
"माहीत आहे मले. पाळीवर उभी नाही राहणार मी. उभी राहून पाहिलं आज, जमत नाही."
मामांकडे पाहिलं, ते सोडवतील म्हणून. मामांनी डोकं खाजवलं. "दोघं बसले तं एकट्याचा नियम लागत नाही."
"मग दोघांचा काय आहे?"
"दोघांचा मी अजून केला नाही गा."
रागाने इथे येऊन बसलो आहे. ऊन चढतंय, बेडक्या डब्यात उड्या मारताहेत. ती उतरत नाही, मीही उतर म्हणणं सोडत नाही. बांबू तिने उचलून मांडीवर आडवा घेतला आहे. डोंगा उलटला तर मी चढेन, आता खात्री आहे. पण आधी तिला चढवावं लागेल, आणि ते मी एकदाही करून पाहिलेलं नाही.
ती विचारून राहिली आहे, झालं का लिहून.