एकशे तेरा नंबरची चिठ्ठी

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय वैजनाथ,

सप्रेम नमस्कार. पत्राच्या माथ्यावर श्री नाही, हे तुझ्या लगेच ध्यानात आलं असेल. विसरलो नाही, मुद्दाम गाळलाय. कारण पुढं येईल. तुझा गुडघा कसा आहे? सरोजिनीवहिनींची शुगर? पुण्यात लेकीकडं, मृण्मयीकडं, छान करमतंय असं तू फोनवर सांगतोस, पण ते सांगताना दर वेळी खोकतोस. इकडं आम्ही सगळे बरे आहोत.

माझा भाचा सत्यम तुला आठवत असेल. (दहावीला तू ज्याला विज्ञानात कसाबसा पास केलंस, तोच, परिणाम आता बघ.) त्यानं नोकरी सोडून, रीतसर परवाना काढून, शहराबाहेर वोडकेचा छोटा कारखाना टाकलाय. एका वेळी जेमतेम तीनशे बाटल्या. ज्वारीची वोडका, तिला पाचोडच्या मोसंबीच्या सालीचा वास. हल्लीच्या पोरांना अशी थोडकी, निगुतीनं केलेलीच लागते म्हणे. माल जितका कमी तितकी उडी जास्त. आपण दर शनिवारी तुझ्या गच्चीवर स्टीलच्या पेल्यांतून काढा म्हणून जी रम घ्यायचो, तिला ही मंडळी हात लावणार नाहीत. पण ही वोडका, वैजनाथ! जिभेवर आधी ज्वारीची गोडी, मग साल, मग घशात हळूच ऊब. (वहिनी हे वाचत असतील तर, काढा खोकल्यासाठीच होता.)

तर प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, आणि तिच्यावर बॅचचा नि बाटलीचा नंबर हातानं लिहायचा. सत्यम म्हणाला, "मामा, तुमच्यावाणी अक्षर अख्ख्या शहरात कुणाचं नाय." आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या माणसाला एवढं बस्स झालं. दोन दिवस बसून सगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. बाटल्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी कडूबाचा फोन आला. (आपलाच विद्यार्थी; आता त्याचं दारूचं दुकान आहे, पण मला बघून अजून उभा राहतो.) "सर, गिऱ्हाईक इचारतंय, ही प्यायची का पुजायची?" प्रत्येक चिठ्ठीवर, नंबराच्या वर, अगदी मधोमध, मी सुबकपणे ॥ श्री ॥ घातलेला होता. कोरा कागद दिसला की हात आधी तेच लिहितो, त्याला मी काय करू?

"मामा, लई घोळ केला तुम्ही!" म्हणत सत्यमनं पेट्या परत आणल्या, चिठ्ठ्या कापल्या आणि माझ्याकडूनच नव्या लिहून घेतल्या. राहिल्या जुन्या. श्री लिहिलेला कागद कचऱ्यात टाकवेना. शेवटी पिशवी भरली आणि गोदावरीत सोडायला एसटीनं पैठणला गेलो. (शेजारच्या बाईंना पिशवीत देवाचं आहे असं सांगितलं. पिशवी सत्यमच्या कारखान्यातली, तिला येणारा वास त्यांना पटला नसावा, त्या पुढच्या सीटवर गेल्या.)

घाटाच्या पायरीवर बसून एकेक चिठ्ठी सोडत होतो. इथंच आपण सहावीची सहल आणली होती, आणि पोरं मोजताना तू मलाही मोजलं होतंस. शेजारची पायरी मोकळी होती. लिहायला लाज वाटत नाही, वैजनाथ, मला तुझी फार आठवण येते. तुला पुण्याला जाऊन चार वर्षं झाली. शनिवारी संध्याकाळी तुझ्या घरावरून जातो तेव्हा नजर आपोआप गच्चीकडं जाते. तिथं आता भाडेकरूंचे कपडे वाळत असतात.

असो. वहिनींना नमस्कार, मृण्मयीला आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. – सोबतची चिठ्ठी मी पाण्यात सोडली नाही. बॅच चार, बाटली एकशे तेरा. तिच्यावर श्रीच्या खाली नंबराआधी 'प्रिय वैजनाथ' असं लिहून गेलंय. दर शनिवारी मी तुला पत्र लिहायला घेतो आणि तेवढ्यावरच अडतो, हाताला तेवढंच पाठ झालंय. श्री असल्यामुळं ते कागद टाकवत नाहीत, ट्रंक भरत आलीय. या वेळी श्री घातला नाही, म्हणून पत्र निदान पुढं सरकलं.

ता. क. २ – त्या बाटलीची नवी चिठ्ठी मी लिहिलीच नाही. बिनचिठ्ठीची बाटली सत्यम विकत नाही, म्हणून ती माझ्या कपाटात आहे. तू चिठ्ठी घेऊन ये, तिच्या गळ्यात बांधू, मग उघडू. ('दिवाळीला बघू' म्हणू नकोस. तीन दिवाळ्या बघितल्या.)

ता. क. ३ – वोडकेच्या चवीचं वर जे लिहिलंय ते सत्यमच्या जाहिरातीतून उतरवलंय. डॉक्टरांनी दोन वर्षांपासून माझा थेंबही बंद केलाय. तू घे. मी पेल्यात खरोखरचा काढा घेऊन शेजारी बसेन.