बोईसरच्या बाजारातली खडकाची गाणी

प्रिय दादा,

काल तुझा दहावा झाला. पाहुणे गेल्यावर वहिनी आणि मी ओट्यावर टेकलो होतो. मी सहज म्हणाले, "तेव्हा मशीन जळलं नसतं तर दादाने किती केलं असतं." वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "मशीन जललं नव्हतं, कुसुम. ह्यांनी ते डहाणूच्या मंडपवाल्याला देऊन टाकलं. तुजं लगीन जमावं म्हणून."

म्हणून हे पत्र. लिहायचं त्राण नाही, पण तुझ्याशी भांडायला आता दुसरी जागाही नाही.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. बोईसर स्टेशनाबाहेर तुझी रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. कामावरच्या एका परदेशी साहेबाचा रेडिओ तू नीट करून दिलास, आणि मायदेशी परतताना तो तुला खोकंभर तबकड्या देऊन गेला. नुसती गिटार, ढोल आणि ओरडणं. रॉक म्हणजे खडक, एवढं कोणीतरी सांगितलं, आणि बाजाराने त्यांना खडकाची गाणी असंच नाव ठेवलं.

तू टपरीतल्या टेबलावर तबकड्या वाजवायचं मशीन मांडलंस, तिथून नाक्यापर्यंत तार ओढलीस आणि चार भोंगे टांगलेस. संध्याकाळी दोन तास गाणी, मधूनमधून दुकानांच्या जाहिराती. त्या वाचायला मी, बेटेगावाहून चालत येणारी, सातवी पास. पहिल्या दिवशी मी कागद तोंडापुढे आडवा धरून बसले.

"भिऊ नको," तू म्हणालास. "तू त्यांना दिसत नाय. नुसती आयकू येतेस."

स्टोव्हची पिन आणि कंदिलाची काच एकाच दुकानात मिळते, असं काहीतरी मी वाचलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानदार स्वतः सांगत आला की गिऱ्हाईक माझ्यासारखं बोलून पिन मागतं. मी किती हसले होते.

म्हातारी माणसं कुरकुरायची. "हे गाणं हाय का पत्रे पडतात?" पण कामावरून सुटलेले मजूर टपरीशी थांबायचे. "बहनजी, वो वाला फिर से," म्हणायचे. एकदा जव्हारकडची एक बाई बाजारात नवऱ्यापासून चुकली. मी तिच्या नवऱ्याचं नाव तीनदा पुकारलं आणि तो गर्दीतून धावत आला. जाताना तिने माझा हात धरला तो सोडेचना. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला काहीतरी येतं.

मग पालघरचं स्थळ आलं. मी चहा ठेवून आत गेले. बाहेर काय बोलणं झालं ते मला काल वहिनीकडून कळलं. होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "पोरीचा आवाज भर बाजारात वाजतो म्हणे?"

दोन दिवसांनी मी टपरीत आले तर टेबल रिकामं.

"मशीन जललं," तू म्हणालास.

"मग दुरुस्त कर ना. तू रेडिओवाला ना?"

"नाय होणार."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, तुला दुःख झालंय. मीच तुझी समजूत काढत बसले, दादा. तेव्हा तुला काय वाटलं असेल?

सासरची माणसं वाईट नव्हती. पण त्या घरात मी इतकी हळू बोलायला शिकले, की आता मोठ्याने हाक मारायची म्हटलं तरी घसा बसतो.

मला विचारायला काय झालं होतं? कदाचित मीच म्हणाले असते, बंद कर. एकोणीस वर्षांची होते, लग्न मलाही हवं होतं. पण ते मी म्हणाले असते ना?

तुझंही काही उरलं नाही, हे कळतं मला. पुढे कुंभवलीच्या कारखान्यात वायरमन म्हणून आयुष्य काढलंस. वहिनी म्हणाली, घरातला रेडिओसुद्धा तू कधी मोठा केला नाहीस. म्हणून धड रागावताही येत नाही तुझ्यावर. फार दमले रे.

नात विचारते, आजी, तुमचं ते गाण्यांचं स्टेशन बंद का पडलं? मी आजवर मशीन जळल्याचं सांगत आले. आता सांगेन, ते चांगलं चाललं होतं. माझ्या भावाने ते माझ्यासाठी बंद केलं, आणि मला विचारलं नाही. दोन्ही सांगेन. त्यातलं एकही गाळणार नाही, हा तुला शब्द.

तुझी,
कुसुम