घासल्यानंतरची दहा मिनिटं

९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे, तोंड नेहमीसारखंच चालू आहे. चार वर्षांत तुझं एक पत्र नाही, यावर ती रोज बोलते आणि मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

तू दुसऱ्या रोलिंग मिलमध्ये अर्ज केलास, हे मला त्यांच्याच चौकशीच्या फॉर्मवरून कळलं. फोरमन म्हणून तो माझ्या टेबलावर आला. ‘कामावरून का काढलं?’ या प्रश्नापुढे दोन मोकळ्या ओळी होत्या. आठवडाभर मी त्या ओळींकडे बघत जेवलो, म्हणजे जेवलो नाहीच.

काल एका नव्या कामगारावर खेकसलो. एकमेकांना चिकटवायचे तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा घासून तो गप्पा मारत उभा होता. म्हटलं, “दहा मिनिटांत रोलखाली गेला पाहिजे. हवा खाल्लेला पत्रा कितीही दाबलास तरी नीट चिकटत नाही.” तो म्हणाला, “तुमच्याकडून कधी उशीर झाला नाही का?” सगळे हसले. मीही हसलो. लाज कशी ती नाहीच मला.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी तू पत्रे घासून ठेवलेस आणि मी बढतीचं बोलायला साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. अर्ध्या तासाने आलो. तू विचारलंस, “दादा, पुन्हा घासू का?” मी म्हणालो, “चालतंय रे, घे.” निम्म्या जाडीपर्यंत दाबले, वरून आरशासारखे दिसले. गिऱ्हाइकाने वाकवले तेव्हा फुगे आले आणि थर सुटले.

चौकशीत मी सांगितलं, “हा हातमोजे काढून काम करतो. तेलकट हात लागला असणार.” खरं तर त्या दिवशी मोजे तू घातलेले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि साहेबांना म्हणालास, “असेल.”

त्या एका शब्दाचा मला तुझा राग आहे. तू ओरडला असतास, चार लोकांत माझी अब्रू काढली असतीस, तर मी खोटं रेटलं असतं आणि निवांत झोपलो असतो. तू मला वाचवलंस आणि चार वर्षं गोदामात पोती उचललीस, तेही मला त्या फॉर्मवरूनच कळलं. असले उपकार करायला तुला कोणी सांगितलं होतं?

आधी वाटलं, फॉर्म तुलाच पाठवावा, काय लिहायचं ते तू ठरव. मग कळलं, हे परत तुझ्याच गळ्यात घालणं झालं. म्हणून त्या दोन ओळींत खरं काय ते लिहिलं, खाली सही केली, एक प्रत आमच्या साहेबांना दिली आणि आज सकाळी फॉर्म टपालात टाकला. सोमवारी साहेबांनी मला बोलावलंय. फोरमनची खुर्ची जाईल, बहुतेक नोकरीही.

आईला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र बंद केलं की सांगतो.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर त्यात ‘असू दे दादा’ एवढं मात्र लिहू नकोस.

तुझा मोठा भाऊ
(हे शब्द नको असतील तर खोडून टाक)