मागच्या वेळच्या बाई

दि. ११ मार्च, मंगळवार दुपार

प्रिय ताई,

तुझ्या ढब्बूचा नमस्कार. आम्ही दोघं खुशाल. तुझी पाठ आणि तुझा वॉर्ड, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा.

‘लग्नानंतर चार वर्षांत कुठे फिरला नाहीत, जा की जरा,’ असं तूच म्हणत होतीस. म्हणून आलो, तू नर्सिंग शिकलीस त्या शहरात. आमच्या घड्याळजींनी चक्क चार दिवस दुकानाला कुलूप लावलं! बंदरावर उभ्याउभ्या तळलेली मासळी खाल्ली, बोटं भाजली. जुन्या बाजारात गरम पाव आणि वाफाळतं सार. काल एका गच्चीवर बाजा वाजत होता, जोड्या नाचत होत्या. मी तीनदा त्याच्या पायावर पाय दिला.

मजा येतेय. खरंच.

फक्त एक गोष्ट. गाडीत हा म्हणाला होता, ‘मीही पहिल्यांदाच येतोय.’ आणि इथे उतरल्यापासून एकदाही कुणाला रस्ता विचारलेला नाही. मासळीवाल्याकडे पाटी न बघता म्हणाला, ‘लिंबू वेगळं द्या.’ आमच्याकडे लिंबू वेगळं कोण घेतं? ही इथली रीत याला कशी ठाऊक?

मग मी एक वाईट काम केलं. तो अंघोळीला गेल्यावर त्याची बॅग उलटीपालटी केली. पाकीट, खिसे, सगळं. काहीच सापडलं नाही, तर संशय कमी व्हायचा सोडून वाढलाच. इतकी स्वच्छ बॅग कुणाची असते?

आज सकाळी होडीत बसलो. होडीवाल्यानं याच्याकडे निरखून पाहिलं आणि मनगट पुढे केलं. ‘साहेब, तुम्ही इथेच बसून दुरुस्त केलेलं घड्याळ. अजून मिनिटाचा फरक नाही.’ हा पाण्याकडे बघत बसला. होडीवाला माझ्याकडे वळून हसला. ‘तुम्हाला होडी लागत नाही वाटतं? मागच्या वेळच्या बाई डोळे मिटून सतराचा पाढा म्हणत होत्या.’

ताई, प्रवासात मळमळलं की सतराचा पाढा म्हणणाऱ्या बायका तुझ्याशिवाय या जगात किती असतील?

हे सांगायचं म्हणूनच पत्र लिहायला घेतलं होतं. धीर होईना म्हणून मासळीपासून सुरुवात केली.

धक्क्यावर उतरल्यावर मी विचारलं, “कधी?”

“सहा वर्षांपूर्वी. दोनच दिवस. मी दुकानाचं सामान घ्यायला आलो होतो. ती इथे शिकत होती, तिनंच शहर दाखवलं. तिला लग्नाचं विचारलं, ती नाही म्हणाली.”

“का?”

“म्हणाली, घरी धाकटी आहे, आई गेल्यापासून तिचं बघायला कुणी नाही. तिला एकदा भेट. आणि हे कधी बोलायचं नाही, अशी शपथ घातली.”

“आणि मला त्याच जागा दाखवतोस?”

“मला इथल्या एवढ्याच जागा माहीत आहेत गं,” म्हणाला. “चांगल्या होत्या. तुला आवडतील असं वाटलं.”

चेहरा असा पडला होता की खोटं बोलायचं त्याच्या अंगात त्राणच नव्हतं. त्याच्यावर माझा विश्वास बसला. तुझ्यावर बसत नाहीये.

लग्नाआधी तू म्हणाली होतीस, ‘मुलगा भला आहे, मी सगळी चौकशी केलीय.’ चौकशी कशी केलीस ते आज कळलं. आमच्याकडे येतेस ती नेमकी दुकानाच्या वेळेत. तो यायच्या आधी तुझी पर्स खांद्याला. मला वाटायचं, तुला तो आवडत नाही. जेवायला थांब म्हणून किती गयावया करायची मी! तेव्हा तुला काय होत असेल गं?

एवढंच सांग. तुला तो नको होता, की मला द्यायचा होता?

नको होता असं असेल, तर दोन ओळी खूप झाल्या. दुसरं असेल तर लिहू नकोस, ये. आणि तो घरी असताना ये. तिघं समोरासमोर बसू. मी रडेन, भांडेनही, पण तुला परत जाऊ देणार नाही.

जिचं भलं तिला न विचारता केलंस,
ती तुझी
ढब्बू