मी पुन्हा सांगून टाकलं

बाबा,

मी पुन्हा तेच केलं. तुम्ही असता तर आईकडे बघून म्हणाला असता, "हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही." या वेळी तुमच्या नातीचं गुपित फोडलं, तेही हिमालयात, चार दिवसांच्या ओळखीच्या माणसाजवळ. ती माझ्याशी बोलते, बोलत नाही असं नाही, पण बँकेतून फोन येतो ना तशी बोलते. "येस मम्मा. शुअर मम्मा. आय विल लेट यू नो." पुढच्या महिन्यात ती परत तिथेच चालली आहे, माझ्याशिवाय. मला इतकी भीती वाटते की शारजातल्या अल मजाजच्या या घरात एसी चालू असतानाही तळहात ओले होतात. तुमच्या जावयांना सांगायला गेलं की ते म्हणतात, "सोड आता तो विषय. खलास." नवरा म्हणून चांगला आहे हो माणूस, पण भीती हा प्रकार त्यांना कळतच नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

झालं असं की मी पन्नाशीची झाले आणि लेकीने मला भेट दिली. ती दुबईला जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात नोकरी करते, तिथल्या मंडळींचा नेपाळला ट्रेकला जायचा बेत ठरला होता. "मम्मा, यू आर कमिंग. माय ट्रीट." मी म्हटलं, अगं बाई, मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना खाली बघत नाही, आणि मला हिमालयात कुठे नेतेस? ती म्हणाली, तंबूबिंबू काही नाही, रोज थोडं चालायचं, संध्याकाळी एका लॉजवर पोचायचं, गरम डाळभात खायचा, झोपायचं, सकाळी पुढच्या लॉजकडे निघायचं. गाईड सोबत असतो. खरं सांगू? डोंगर बघायची मला काडीची हौस नव्हती. ती जाणारच होती, आणि ती तिकडे गेली की मी इकडे फोन हातात घेऊन बसणार, हे मला ठाऊक होतं. त्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेली बरी, एवढाच माझा हिशेब. मग तिने मला आमच्या बिल्डिंगचे जिने चढायला लावले. पाठीवरच्या सॅकमध्ये आट्याची पिशवी घालून ती पुढे, मी मागे. उंची आमच्याकडेही आहे, पण ती लिफ्टमध्ये. सिक्युरिटीवाला रोज काळजीने विचारायचा, "मॅडम, लिफ्ट बंद है क्या?"

पहिले काही दिवस मी माझ्याच भीतीत होते. दरीवरचे ते लोखंडी झुलते पूल, खाली पांढरं फेसाळ पाणी, आणि समोरून खेचरं येतात. मी जीव मुठीत धरून पाऊल टाकते आहे आणि लेक मागून म्हणते आहे, "लुक ॲट माय बॅग, मम्मा, खाली नको बघू," मग लक्षात येतं की ती मागे आहे आणि तिची बॅग मला दिसणारच नाही, आणि पुलाच्या मधोमध आम्ही दोघी हसत सुटतो. ते हसणं मी जपून ठेवलं आहे. त्यानंतर आम्ही तशा हसलो नाही.

गाईड चाळिशीचा असेल. मला दिदी म्हणायचा, कुणाशीही फार बोलायचा नाही. रोज संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात शेगडीभोवती सगळे बसले की तो एकेकाला विचारत जायचा, सिर दुखता है? खाना खाया? नींद आया? मग प्रत्येकाच्या बोटाला तो छोटा चिमटा लावायचा, रक्तात प्राणवायू किती आहे ते दाखवणारा. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना बजावलं होतं, "सिर दुखना शर्म का बात नहीं. पर छुपाना मत. छुपाने वाले को मैं ऊपर नहीं ले जाता." सगळ्यांनी शाळेतल्यासारख्या माना डोलावल्या. मीही डोलावली.

वरच्या भागात, जिथे झाडं संपतात आणि नुसते दगड उरतात, तिथल्या लॉजवर लेकीने ताट पुढे सरकवलं. म्हणाली, भूक नाही. सकाळी ती तोंडावर हात धरून बाहेर पळाली, मी मागे. भिंतीआड वाकून तिला उलटी होत होती, मी तिचे केस धरून उभी. डोकं ठणकतंय, कालपासून, ती म्हणाली. मी गाईडला हाक मारायला वळले तर तिने माझी बाही घट्ट पकडली. "मम्मा, प्लीज. डोन्ट टेल हिम. त्याला कळलं तर तो आपल्या दोघींना खाली पाठवेल. तू एवढे जिने चढलीस. प्लीज." म्हणजे बघा, पोरगी माझ्यासाठी लपवत होती. आदल्या संध्याकाळी त्याने विचारलं तेव्हाही ती हसून "फर्स्ट क्लास" म्हणाली होती, आणि चिमटा लावायच्या आधी, आकडा चांगला यावा म्हणून, टेबलाखाली हात चोळून गरम करत होती, दीर्घ श्वास घेत होती. मी शेजारीच बसले होते. थंडी वाजते आहे असं समजले.

तो सगळा दिवस मी गप्प राहिले. बाबा, असा दिवस वैऱ्यावर येऊ नये. लोक म्हणत होते, अरे वा, तो बघा बर्फ, ते बघा शिखर. मला शिखर आठवत नाही. मला फक्त तिचे बूट आठवतात. ती पुढे चालते आहे, मी त्या बुटांवर नजर लावून, आणि सरळ सपाट वाटेवर, जिथे खडासुद्धा नाही, तिथे तिचा पाय वाकडा पडतो. ती सावरते, मागे वळून अंगठा दाखवते. थोड्या वेळाने पुन्हा. दुपारी लॉजवर पोचलो. प्लायवूडच्या भिंती, दोन खाटा, खिडकीतून ऊन. ती खाटेवर बसून बुटाची नाडी सोडवत होती आणि ती तिला सुटत नव्हती. साधी नाडी हो. बोटं भलतीकडेच जात होती. तिने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि मला तुम्ही दिसलात.

इथल्याच रोल्यातल्या आपल्या जुन्या घरात, बाथरूमच्या लादीवर बसलेले. डोक्यावर ओला टॉवेल, दोन्ही हात भिंतीला टेकलेले. मी अकरा वर्षांची, शाळेतून नुकतीच आलेली. तुम्ही म्हणालात, "वर केबिनमध्ये सगळं गरगर फिरतं गो. आईला सांगू नको." ऑगस्टचा उन्हाळा, त्या पिवळ्या क्रेनची ती टीचभर केबिन, आणि त्यात दिवसभर तुम्ही. शाळेच्या बसमधून ती क्रेन दिसायची. मी रोज डोळे मिटून घ्यायची, न जाणो, उघडे ठेवले आणि तेव्हाच काही झालं तर. मग आपल्याकडे दीड दिवसाचा गणपती आला आणि तुमचा मल्याळी फोरमन प्रसादाला आला. तुम्ही किती आनंदात होता. मी त्याच्या ताटात मोदक वाढत होते, तो प्रेमाने म्हणाला, "क्या बेटी, पढ़ाई कैसा है?" आणि मी म्हणून गेले, "अंकल, बाबा को ऊपर चक्कर आता है." त्याने मोदक ताटात परत ठेवला. मग तुमच्याकडे बघितलं.

पुढचं तुम्हाला काय सांगायचं. दवाखाना झाला, ब्लडप्रेशर निघालं, क्रेन गेली, तुम्हाला यार्डात टाकलं. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार राहिला नाही, आणि ते वर्ष संपायच्या आत आई आणि मी गावी. तुम्ही एकटे तिकडे, खोलीत पाचजणांबरोबर. मला तुम्ही रागावलात ते एकदाच, स्वयंपाकघरात, आई नारळ खवत होती तेव्हा. "घरातलं घरात ठेवायचं असतं. तुला कोणी विचारलं होतं?" आईची खवणी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. नंतर दर सुट्टीत गावी आलात की पाहुण्यांना सांगायचात, "मला काही झालं नव्हतं हो. साधी गरमी होती." असेलही. त्या क्रेनवर दुसरा माणूस चढला, त्याला काही झालं नाही. तुम्हीही वर राहिला असता तर पडला असता की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही. मी ते ओझं घेऊन मोठी झाले, लग्न करून परत याच शारजात आले, आणि अजून मला कळलेलं नाही.

तर मी नाडी सोडवली, तिला पांघरूण घातलं, "चहा सांगून येते" म्हणाले आणि खाली गेले. गाईड स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून लॉजवाल्या बाईशी गप्पा मारत होता, ती बटाटे सोलत होती. मी एका दमात सांगितलं. उलटी, डोकं, बूट, नाडी, सगळं. तो चिडला, चेहऱ्यावर दिसलं. "कब से?" कालपासून, मी म्हटलं. तो तडक वर गेला.

त्याने तिला खाली जेवणघरात आणलं. बाकांमधल्या जमिनीच्या एका फळीवरून टाचेला पायाचं बोट लावत चालायला सांगितलं. ऑफिसातली तिची माणसं पत्ते टाकून बघत होती. ती चालली, एकदा तोल गेला, बाकी नीट. मग चिमटा. आकडा खालीवर होत राहिला, ऐंशीच्या आसपास थांबला. गाईड म्हणाला, "इतने ऊपर ऐसा भी होता है, दिदी. किसी का इतना ही रहता है. पर छुपाया ना? उजाला है, अभी नीचे जाएँगे." ती त्याच्याशी भराभर इंग्रजीत भांडली. मग तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भांडण थांबवलं. तिला वाटलं असतं तर ती चार लोकांत मला बोलली असती. बोलली नाही. सॅक भरायला वर गेली.

गाईडचा जोडीदार आमच्यासोबत उतरला. तो तिच्या दंडाला धरून पुढे, मी मागे. उतारावर तिच्या पाठीला मी सारखी विचारत होते, बरं वाटतंय का, बरं वाटतंय का. ती म्हणायची, "फाईन." खालच्या गावात पोचेपर्यंत तिची डोकेदुखी उतरली होती. सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, डोळ्यांत बॅटरी टाकून बघितलं, चालवलं, म्हणाल्या, आता सगळं ठीक आहे, वर असताना काय होतं ते इथे बसून सांगता येणार नाही, उतरलात ते चांगलं केलंत. लेकीने त्यातलं "सब ठीक है" एवढंच ऐकलं. बाहेर पायरीवर बसून ती नूडल्स खात होती, पोटभर, वाटी धरून. मला म्हणाली, "आय वॉज फाईन, मम्मा. आय टोल्ड यू."

ऑफिसातली मंडळी वर जाऊन आली. त्यांचे फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागले म्हणे. आता पुढच्या महिन्यात ती राहिलेलं पूर्ण करायला निघाली आहे. परवा जेवायला आली होती, तिच्यासाठी सोलकढी केली होती. मी तोंड आवळून बसले होते, पण शेवटी विचारलंच, कुणाचा नंबर दिलास, काही झालं तर कळवायला? मैत्रिणीचा, ती म्हणाली. मग पेला धुऊन ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मम्मा, आता मला काही झालं तर मी तुला नाही सांगणार. तू सांगितल्याशिवाय राहूच शकत नाहीस." हे ती सगळं मराठीत बोलली, बाबा. ही मुलगी माझ्याशी मराठीत केव्हा बोलते ते मला माहीत आहे.

तुम्हीही तेच केलंत ना? शेवटच्या वर्षी छातीत दुखत होतं, ते तुम्ही शेजारच्या काकांना सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं. मला फोनवर म्हणायचात, "मस्त आहे मी, तुझं सांग." दिवसकार्याला आले तेव्हा काका म्हणाले, तुला कळवू नका असं बाबांनीच बजावलं होतं. तेव्हा मी रडले नाही, रागावले. आता राग गेला आहे आणि भीती राहिली आहे. एकदा सांगून टाकणाऱ्या माणसाला पुन्हा कोणी काही सांगत नाही. ती तिथे, त्या दगडांत, डोकं धरून बसेल आणि हसून "फर्स्ट क्लास" म्हणेल, आणि तिथे बूट बघायला मी नसेन. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा सांगेन. तुमचंही सांगेन. त्याबद्दल मला माफी नको आहे.

एक गोष्ट मात्र तिला मरेपर्यंत सांगता येणार नाही, आणि ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगते, तुम्ही आता कुणाला जाऊन सांगणार नाही. गाईडने तिच्या बोटाला तो चिमटा लावला आणि आकडा हलत होता, तेव्हा मी शेगडीजवळ हात जोडून उभी होते. सगळ्यांना वाटलं, आई आहे, पोरीसाठी देवाला विनवते आहे. मी विनवतच होते. म्हणत होते, देवा, आकडा कमी येऊ दे. अजून कमी येऊ दे. मी बरोबर होते हे एकदा तरी दिसू दे.