समोरचा दात अन् बिदाईची चाल

१७ एप्रिल
समोरचा वरचा दात ठणकून राहिला. क्लॅरिओनेट तिथंच टेकते. रियाजाले बसलो, एक लांब सूर धरला, डोळ्यात पाणी. बायकोपासून काय लपते! शांता म्हणे, "तोंड वाकडं काहून करता?"

१८ एप्रिल
जावयासंगं तुमसरले, दाताच्या मॅडमकडे. नस मेली, रूट कॅनाल. मी म्हटलं, ३ मेले आंबागडले लग्न आहे, आमच्या बॅन्डातल्या ढोलवाल्या देवाजीच्या पोरीचं. लहान होती तवापासून म्हणते, काका, माह्या बिदाईले तुमीच वाजवजा. दात राहिला पाहिजे.

२१ एप्रिल
केसासारख्या बारीक सुया, नंबरवारीनं मांडलेल्या. मॅडम म्हणे, यांनी दाताची नळी साफ करायची, याला आमच्यात इन्स्ट्रुमेंटेशन म्हणतात. जावई राइस मिलच्या बॉयलरचे काटे पाहतो, त्याचा डिप्लोमाच त्या नावाचा. तो म्हणे, "नाही मॅडम, मोजमाप म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन." माहं तोंड उघडं, भुली दिलेली. नाही त मीही सांगितलं असतं, कोणता तुकडा कोणत्या वाद्याले द्यायचा ते... आमच्या बॅन्डमास्तरचा शब्द.
मग सुईले एक डबी जोडली. सुई मुळाशी पोचली की ती वाजते. मी हात वर केला. "दुखतंय काका?" नाही म्हणून मान हलवली, कागद मागितला, लिहिलं: डबी काळी चारच्या सुरात वाजते. मॅडम हसून हसून बाजूले झाली.

२६ एप्रिल
दात भरला. पण दातावर टोपी, म्हणजे कॅप, बसेपर्यंत जोर नको, म्हणे. टोपी ६ मेले. अन् लग्न त्याच्या आधी! देवाजीले सांगितलं. तो म्हणे, "तू नाही त मी तरी ढोल कायले बांधू?"

२८ एप्रिल
क्लॅरिओनेट घेऊन मॅडमकडे. कुठं टेकते ते दाखवलं. ती म्हणे, "ज्यांना दातच नाहीत ते कसे वाजवतात?" अरे! मास्तर म्हातारपणी दोन्ही ओठ आत मुडपून वाजवत, एकही दात नव्हता तोंडात. तिथंच फुंकून पाहिलं. बकरी ओरडल्यासारखं निघालं. बाहेर बसलेले पेशंट हसले.

१ मे
तळ्याच्या पाळीवर तीन दिवस तेच. ओठ सुजले. खालचे सूर येतात, वरचे फाटतात. जावयानं मोबाइलवर सूर मोजला. "मामाजी, काटा बरोबर आहे." शांता म्हणे, "काटा बरोबर असन. मले रडू नाही आलं."

३ मे
वाजवली. वरचा तुकडा ट्रम्पेटवाल्याले दिला, खालचा मी धरला, हळू. पोरगी गाडीपाशी जाता जाता वळली, माह्या पाया पडली. मागून ढोल बंद. पाहिलं त देवाजी काड्या काखेत धरून डोळे पुसून राहिला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा ठेका सुटला. मी थांबलो नाही, ठेक्याविनाच... शांताचा पदर डोळ्याले.

५ मे
उद्या टोपी. मॅडमचा फोन: "काका, दात टेकून वाजवणार की ओठांनी? त्यावर टोपीची धार ठरवते." देवाजी म्हणे दातानं, ढोलाच्या वर आवाज गेला पाहिजे. शांता म्हणे ओठानं. सकाळपासून, दात जपून, दोन्ही वाजवून पाहून राहिलो.